आईच्या पाटल्या

आई गेली त्याला आता चौथं वर्ष लागलं. तिच्या लाकडी पेटीत, नेमाच्या वहीखाली, जुन्या साडीच्या काठात गुंडाळलेल्या चार पाटल्या निघाल्या. त्या तिथं आहेत हे आम्हा तिघा भावंडांना ठाऊक होतं, कारण शेवटच्या दोन वर्षांत तिनं ते दहादा तरी सांगितलं होतं. ‘‘ह्या मोडा आणि एखाद्या पोरीला शिकवा. शाळेत नको, शाळा आता सरकार करतंय. पुढचं शिकणारी बघा.’’ आई स्वतः मराठी चौथी. पुढचं शिकणं म्हणजे काय याची तिला नेमकी कल्पना नव्हती, पण ते महाग असतं आणि त्यासाठी बाईला हात पसरावा लागतो, एवढं तिला पक्कं माहीत होतं. का माहीत होतं, ते पुढं सांगते.

तेरावा-चौदावा आमच्यात तसा नसतो. पण महिनाभरानं सगळे जमलो तेव्हा पाटल्यांचा विषय निघाला. निपाणीजवळचं आमचं गाव. गावात त्या साली पंचकल्याणिक पूजा ठरलेली. वहिनीचं म्हणणं, आईच्या नावानं एक सवाल धरू या. धाकटी बहीण म्हणाली, बोर्डिंगला देऊ, आपल्याच समाजाची मुलं तिथं राहतात. मी म्हटलं, विद्यापीठात कायम ठेव ठेवू, तिच्या व्याजातून दरवर्षी एम.ए.च्या एका मुलीला शिष्यवृत्ती मिळेल. दादा लगेच म्हणाला, ‘‘आक्का, विद्यापीठाला दिलंस तर ते पैसे कुणाच्या पोरीला जातील, याचा काही भरवसा आहे का?’’

त्या वेळी मला उत्तर सुचलं नाही. आयुष्यभर इतिहास शिकवला, पण घरातल्या माणसाच्या साध्या प्रश्नापुढं गप्प बसले. नंतर वर्षभर तोच प्रश्न डोक्यात घेऊन वाचत राहिले: शिकणाऱ्याला पैसे कोण देत आलं, कुणाला देत आलं, आणि कुणाला द्यायचं हे कुणी ठरवलं? जे हाती लागलं ते इथं मांडते, कारण पाटल्या आमच्या एकट्याच्याच घरात नाहीत.

सुरुवात आपल्याच घरातून करू. आहार, औषध, शास्त्र आणि अभय ही चार दानं आपण लहानपणापासून ऐकतो. आहारदान बायकांच्या वाट्याचं, कारण चूल त्यांच्याकडे. शास्त्रदान म्हणजे पुरुषांनी, सावकारांनी करायची गोष्ट, असा एक समज आपल्यात आहे. पण आपल्या या कन्नड-मराठी मुलखात शास्त्रदानाचं सगळ्यांत मोठं नाव एका बाईचं आहे. दहाव्या शतकातली अत्तिमब्बे. चालुक्यांच्या राज्यात सेनापतीच्या घरात दिलेली. नवरा नागदेव लढाईत गेला. तिची बहीण गुंडमब्बे हीही त्यालाच दिलेली होती, ती त्याच्यामागून सती गेली. अत्तिमब्बे लहान मुलासाठी मागं राहिली. तिनं पोन्न कवीच्या ‘शांतिपुराणा’च्या एक हजार प्रती लिहवून घेऊन वाटल्या, असं सांगतात. ताडपत्राचा काळ. एक प्रत म्हणजे एका लेखनिकाचे कितीतरी दिवस, त्याचं जेवणखाण, त्याची मजुरी. अशा हजार! रन्न कवीला तिनं आश्रय दिला आणि त्यानं ९९३ साली ‘अजितपुराण’ पुरं केलं. ‘दानचिंतामणी’ ही तिची पदवी. गदगजवळ लक्कुंडीला तिनं बांधवलेली बस्ती आजही उभी आहे. आमच्याकडून सहलीला जाणाऱ्या बायका तिथं फोटो काढतात, पण त्या हजार प्रतींची गोष्ट फार थोड्यांना माहीत असते.

अत्तिमब्बेनं केलं ते दोन प्रकारचं आहे. एक, लिहिलेलं जगावं म्हणून प्रती. दुसरं, लिहिणारा जगावा म्हणून आश्रय. आज ज्याला आपण ग्रंथालयाचं अनुदान म्हणतो आणि ज्याला संशोधनवृत्ती म्हणतो, त्या दोन्ही गोष्टी तिच्या हातून झाल्या. पण आश्रयात एक अडचण असते. आश्रय देणारं माणूस समोर असतं, आणि घेणाऱ्याला त्याच्या दारात उभं राहावं लागतं. कवीला ते जमतं; काव्याच्या शेवटी चार ओळी स्तुतीच्या लिहिल्या की झालं. गरिबाघरच्या विद्यार्थ्याला, त्यातही मुलीला, ते दार फार उंच वाटतं.

आता आठशे वर्षं पुढं, पुण्याला येऊ. श्रावणात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा देण्याची प्रथा सेनापती खंडेराव दाभाडे यांनी तळेगावला चालवली होती. दाभाडे मागे पडल्यावर ती पेशव्यांनी पुण्यात उचलली. दूरदूरचे ब्राह्मण गोळा होत, विद्वानांची परीक्षा होई, बाकीच्यांना पर्वतीच्या पायथ्याच्या रमण्यात सोडून हातावर दक्षिणा ठेवत. रक्कम लाखांच्या घरात जाई. १८१८ मध्ये पेशवाई गेली, तरी एल्फिन्स्टननं ही दक्षिणा एकदम मोडली नाही. कमी करून वर्षाला पन्नास हजारांवर आणली. १८२१ मध्ये विश्रामबाग वाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली, तिचा खर्चही त्याच पैशातून.

म्हणजे विद्येसाठी राखलेला एक मोठा फंड होता. अट एकच: घेणारा ब्राह्मण हवा. माळी, मराठा, लिंगायत, जैन, महार यांच्यातला कुणी कितीही हुशार असला तरी त्या रमण्याच्या फाटकातून त्याला आत जाता येत नव्हतं. बाईचा तर प्रश्नच नव्हता.

ही अट बदलायला हवी, असं म्हणणारे आधी निघाले ते ब्राह्मणांतूनच. १८४९ मध्ये लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख यांच्यासारख्या सुधारकांनी सरकारकडे अर्ज केला की, या पैशातला भाग मराठीत उपयोगी ग्रंथ लिहिणाऱ्यांना बक्षीस म्हणून द्यावा, आणि तो कुठल्याही जातीच्या माणसाला मिळावा. शहर खवळलं. अर्ज करणाऱ्यांना मारहाण होईल अशी वेळ आली, तेव्हा जोतिराव फुले आपली माणसं घेऊन त्यांच्या रक्षणाला उभे राहिले, असं त्यांची चरित्रं सांगतात. पुढं दक्षिणा प्राइज कमिटी निघाली. विद्यापीठं आली तेव्हा याच पैशातून कॉलेजांत ‘दक्षिणा फेलो’ नेमले जाऊ लागले: शिकणं पुरं करायचं, जोडीला खालच्या वर्गांना शिकवायचं, आणि त्याबद्दल दरमहा पैसे घ्यायचे. रामकृष्ण गोपाळ भांडारकर दक्षिणा फेलो होते, महादेव गोविंद रानडे होते. १८६२ च्या मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या बी.ए.च्या तुकडीतली ही दोघं.

मला यात थांबावंसं वाटलं ते वेगळ्याच गोष्टीसाठी. पैसा तोच होता. रमण्यात वाटला गेला तेव्हा त्यातून चार दिवसांचं गोडधोड झालं. त्याच पैशाची अट बदलली, तेव्हा त्यातून पुस्तकं झाली, भांडारकर झाले, रानडे झाले. दानाची रक्कम सगळे विचारतात. अट कोणती, हे फारसं कुणी विचारत नाही.

आता आपल्या माणसाची गोष्ट. प्रेमचंद रायचंद, सुरतेकडचे श्वेतांबर जैन, मुंबईतले कापसाचे आणि शेअरचे मोठे व्यापारी. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस विलायतेला जायचा बंद झाला, आणि मुंबईत पैशाचा पूर आला. त्या पुरात प्रेमचंद सगळ्यांत वर होते. १८६५ मध्ये युद्ध थांबलं, भाव कोसळले आणि मुंबईतली मोठमोठी घरं बसली. प्रेमचंदही त्यात बुडाले. पण त्या वर्षांत त्यांनी दिलेलं बुडालं नाही. मुंबई विद्यापीठाला त्यांनी चार लाख रुपये दिले, दोन ग्रंथालयासाठी आणि दोन घड्याळाच्या मनोऱ्यासाठी. मनोऱ्याला त्यांच्या आईचं नाव दिलं गेलं, राजाबाई. तो १८७८ मध्ये पुरा झाला. राजाबाईंना दिसत नव्हतं आणि चौविहार चुकू नये म्हणून घड्याळाच्या टोलांवरून त्यांना सूर्यास्ताआधीची वेळ कळे, अशी गोष्ट आपल्याकडे आवडीनं सांगतात. खरीखोटी असो, पण जैन घरातल्या कुठल्याही बाईला ती लगेच पटते.

प्रेमचंद रायचंदांचं दुसरं दान आपल्या लोकांना कमी माहीत आहे. १८६६ मध्ये त्यांनी कलकत्ता विद्यापीठाला दोन लाख रुपये दिले. त्यातून एम.ए.च्या पुढं अभ्यास करणाऱ्यांसाठी ‘प्रेमचंद रायचंद स्टुडंटशिप’ निघाली. बंगालात तिचा मान इतका वाढला की, मिळवणारे नावापुढं पी.आर.एस. अशी अक्षरं लावत. प्रेमचंदांनी कलकत्त्याच्या विद्यार्थ्याला जैन असण्याची अट घातली नाही, गुजराती असण्याचीही नाही. ती मिळवणाऱ्यांत आशुतोष मुखर्जी होते, रमेशचंद्र मजुमदार होते आणि जदुनाथ सरकार होते. जदुनाथांनी त्या वृत्तीसाठी औरंगजेबाच्या काळातल्या हिंदुस्थानावर अभ्यास केला, तो १९०१ मध्ये छापला गेला. तेच जदुनाथ पुढं शिवाजी महाराजांचं चरित्र लिहिते झाले. त्यांच्या मतांवर आपल्याकडे वाद झाले, अजून होतात. पण सुरतेच्या एका जैनानं कलकत्त्याला ठेवलेल्या पैशातून एका बंगाली मुलाचं शिक्षण पुढं सरकलं आणि तो मराठ्यांच्या इतिहासाकडे आला, हा प्रवास मला दादाला सांगावासा वाटला. ‘‘कुणाच्या पोरीला जातील याचा भरवसा आहे का?’’ प्रेमचंदांनाही भरवसा नव्हता, आणि त्यांचं काही बिघडलं नाही.

पण या गोष्टीला दुसरी बाजू आहे, ती बाई म्हणून मी लपवणार नाही. मुंबई विद्यापीठाच्या आवारात एका बाईच्या नावाचा मनोरा १८७८ मध्ये उभा राहिला. त्या विद्यापीठाच्या परीक्षा बायकांना खुल्या झाल्या १८८३ मध्ये. पाच वर्षं राजाबाईंचं नाव वर टोल देत होतं आणि खाली बाईला परीक्षेला बसायची सोय नव्हती.

खुल्या झाल्यावर तरी काय झालं? बेळगावच्या वाचकांना सांगायला हवं, कारण कॉर्नेलिया सोराबजी लहानपणी आधी इथंच, बेळगावात होती. नंतर तिचे आईवडील पुण्याला गेले. पारशातून ख्रिस्ती झालेलं हे कुटुंब. आई फ्रान्सिना पुण्यात शाळा चालवत. कॉर्नेलिया डेक्कन कॉलेजातून पहिल्या वर्गात पास झाली. मुंबई विद्यापीठाची ती पहिली पदवीधर बाई. परीक्षेत पहिला येणाऱ्याला विलायतेत पुढं शिकायला सरकारी शिष्यवृत्ती मिळायची. निकालानं तो मान तिचा होता. पण शिष्यवृत्ती मिळाली नाही, कारण ती बाई होती. नियम करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढं पुरुषच होता. मग इंग्लंडमधल्या काही बायकांनी आणि त्यांच्या मित्रांनी, त्यात फ्लॉरेन्स नाइटिंगेलही होत्या, वर्गणी गोळा केली. त्या पैशावर ती १८८९ मध्ये ऑक्सफर्डला पोचली. १८९२ मध्ये तिथली कायद्याची बी.सी.एल. परीक्षा देणारी ती पहिली बाई. पदवी हातात पडायला मात्र १९२२ उजाडलं, कारण ऑक्सफर्डही तेव्हा बायकांना पदवी देत नव्हतं.

कॉर्नेलियाचं नशीब की तिला वर्गणी देणारे भेटले. पण हक्कानं मिळणारी शिष्यवृत्ती आणि कुणीतरी दया येऊन गोळा केलेली वर्गणी यांत काय फरक आहे, हे आपल्याला कुणी समजावायला नको. सणाला माहेरून आलेली साडी आणि कुणी वापरून दिलेली साडी यांत जो फरक आहे, तोच.

आपल्या समाजात शिक्षणाचा पैसा आला तो बोर्डिंगच्या वाटेनं. १८९९ मध्ये निपाणीजवळ स्तवनिधीला दक्षिण महाराष्ट्र जैन सभा स्थापन झाली. आण्णासाहेब लठ्ठे हे तिच्या पुढाऱ्यांतलं मोठं नाव, पुढं कोल्हापूरचे दिवाण आणि १९३७ मध्ये मुंबई प्रांताचे अर्थमंत्री. शाहू महाराजांच्या काळात कोल्हापुरात वेगवेगळ्या समाजांची वसतिगृहं निघाली, तसं जैन बोर्डिंगही निघालं. सांगली, बेळगाव, हुबळी इथंही बोर्डिंगं झाली. शेतकऱ्यांची मुलं धान्याचं पोतं आणि तुपाचा डबा घेऊन तिथं येत. आमचे वडील त्यातलेच. आमच्या भागातले वकील, डॉक्टर, मास्तर बोर्डिंगच्या भाकरीवर झाले, याबद्दल दुमत नाही.

याच भाकरीमागं एका जैन बाईचं मंगळसूत्र आहे. कर्मवीर भाऊराव पाटील कुंभोजचे, जैन शेतकरी घरातले. साताऱ्याला त्यांनी सगळ्या जातींच्या मुलांचं वसतिगृह चालवलं. एकदा मुलांच्या जेवणाला घरात काही उरलं नाही, तेव्हा लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र काढून दिलं. त्यांचं माहेर सोवळ्याओवळ्याचं, आणि पंगतीत सगळ्या जातींची पोरं. लक्ष्मीबाईंना ते सोपं गेलं नसणार. तरी त्यांनी अट घातली नाही. दादाच्या प्रश्नाचं एक उत्तर मला इथंही मिळालं.

तरीही बोर्डिंगची एक हद्द होती. तिथं प्रामुख्यानं मुलं राहायची, आणि मॅट्रिक, फार तर बी.ए. झालं की जागा दुसऱ्याला द्यायची. त्यात गैर काही नव्हतं. मागं रांग असायची. मुलींसाठी मगनबाईंनी मुंबईत श्राविकाश्रम काढला, सोलापूरलाही श्राविकाश्रम झाला. तिथं विधवांना, परित्यक्तांना अक्षर मिळालं, शिक्षिकेचं काम मिळालं. पण बी.ए.च्या पुढची वर्षं तशीच उघडी राहिली. त्या वयात मुलगा कमावता व्हावा अशी घरची अपेक्षा असते आणि मुलीला स्थळं येत असतात. त्या वर्षांत शिकायचं तर नुसती फी पुरत नाही. राहणं, जेवणं, पुस्तकं आणि घरच्यांना ‘मी तुमच्यावर भार नाही’ असं सांगण्याची सोय लागते. ती सोय विद्यापीठाची वृत्ती करते.

डॉ. आ. ने. उपाध्ये यांचं उदाहरण घ्या. १९०६ मध्ये चिकोडी तालुक्यातल्या सदलग्याला जन्म. आपल्या समाजात त्यांचं नाव निघतं तेव्हा आपण छाती पुढं काढतो, आणि काढावीच. १९३० मध्ये मुंबई विद्यापीठाचे एम.ए., मग कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात अर्धमागधी शिकवू लागले. कुंदकुंदाचार्यांच्या ‘प्रवचनसारा’ची त्यांची आवृत्ती १९३५ ची, तिची प्रस्तावना आजही अभ्यासकाला टाळता येत नाही. १९३९ मध्ये डी.लिट. त्यानंतर मुंबई विद्यापीठानं त्यांना स्प्रिंगर रिसर्च स्कॉलर म्हणून वृत्ती दिली, १९४० ते १९४३. प्राकृत वाङ्मयाचा अभ्यास हा तिचा विषय. हरिषेणाच्या ‘बृहत्कथाकोशा’ची त्यांची आवृत्तीही १९४३ चीच.

स्प्रिंगर हे नाव काही आपल्या कुठल्या गल्लीतलं नाही. त्या नावाच्या वृत्तीवर सदलग्याचा एक जैन पंडित आपलेच ग्रंथ तपासत बसला होता. आणि प्रेमचंद रायचंद या आपल्या माणसाच्या पैशावर बंगाली मुलं इतिहास लिहीत होती. दोन्ही गोष्टी शेजारी ठेवल्या की विद्यापीठ काय करतं ते दिसतं. देणाऱ्याचा हात आणि घेणाऱ्याचा हात यांच्यामध्ये ते टेबल मांडतं. टेबलापलीकडच्याला गोत्र विचारता येत नाही, आणि अलीकडच्याला वाकावं लागत नाही. टेबल नीट मांडलेलं असलं तर. कॉर्नेलियाच्या वेळी ते नीट नव्हतं.

आता आईला हे सगळं कुठून माहीत होतं, ते सांगते. १९७३ मध्ये मी बी.ए. झाले. धारवाडला एम.ए.ला जायचं मनात होतं. वडिलांचा विरोध असा नव्हता, पण हातात तंबाखूचे पैसे नव्हते आणि काकांचं मत होतं की, एवढ्या पैशात मुलीचं लग्न होईल. आई मला न सांगता तालुक्याच्या गावी समाजातल्या एका श्रीमंत घरी गेली. त्या घरच्या बाईंनी तिला सोप्यावर बसवलं, चहा दिला, आणि विचारलं, ‘‘मुलगी एवढी शिकवून काय करणार? नवरा कुठून आणाल?’’ पैसे दिले नाहीत असं नाही. दिले, पन्नास रुपये, आणि ते देताना घरातल्या तीन माणसांना बोलावून, त्यांच्या देखत दिले. आईनं ते पैसे परत येताना स्तवनिधीच्या भांडारात टाकले. हे मला कळलं पुष्कळ वर्षांनी, तेही मावशीकडून.

मी गुणांवर विद्यापीठाच्या शिष्यवृत्तीसाठी अर्ज केला होता. दोन आठवड्यांनी पोस्टमन लांबट खाकी पाकीट घेऊन आला. इंग्रजी पत्र, टाईप केलेलं, खाली शिक्का. दरमहा इतके रुपये, दोन वर्षं, वर्गातली हजेरी आणि पहिल्या वर्षाचे गुण बघून पुढं चालू. वसतिगृहाचं आणि खानावळीचं भागून चार पैसे वर उरतील एवढी ती रक्कम होती. वडिलांनी काकांना पत्र वाचून दाखवलं. काका म्हणाले, ‘‘सरकारच देतंय म्हटल्यावर जाऊ दे.’’ मी तीच होते, शिक्षणही तेच. पण पैसा घरातून जाणार होता तेव्हा मी खर्च होते, आणि पैसा शिक्क्यासह येऊ लागला तेव्हा मी घराची अब्रू झाले. आईनं ते पाकीट नेमाच्या वहीत ठेवलं. पाटल्यांच्या वर तीच वही होती.

त्या पत्राखाली कुणाचं नाव होतं ते मला आठवत नाही. कुठल्या तरी कुलसचिवांची सही. मला कुणाच्या पाया पडावं लागलं नाही. दोन वर्षं मी ग्रंथालयात बसले ती ताठ बसले.

आज मुलींना वाटा जास्त आहेत. जे.आर.एफ.ची परीक्षा आहे, एकुलत्या एका मुलीसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाची वृत्ती आहे. जानेवारी २०१४ मध्ये केंद्र सरकारनं जैनांना अल्पसंख्याक म्हणून मान्यता दिली, त्यामुळं अल्पसंख्याकांच्या योजनांत आपल्या मुली बसू लागल्या. पण योजना येतात तशा जातात. पीएच.डी. करणाऱ्या अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठीची मौलाना आझाद फेलोशिप सरकारनं २०२२ मध्ये बंद केली. म्हणून मुलींनी दरवर्षी नव्यानं बघावं, जुन्या माहितीवर विसंबू नये. आणि देणाऱ्यांनी सरकार आहे म्हणून हात आखडू नये.

देणाऱ्या बायकांना मला अनुभवावरून दोन-तीन गोष्टी सांगायच्या आहेत. कायम ठेव म्हणजे मुद्दल तसंच राहतं, फक्त व्याज वाटतात. ऐकायला बरं वाटतं. पण महागाई मुद्दल खात राहते. आजोबांच्या नावानं ठेवलेल्या बक्षिसाची रक्कम आज एका पुस्तकालाही पुरत नाही, असं पुष्कळ घरांचं झालंय; नाव राहिलं, उपयोग गेला. म्हणून व्याजातला काही भाग पुन्हा मुद्दलात जावा, असं आधीच लिहून द्यावं. दुसरं, पैसे मुलीच्या हातात वर्ष सुरू होताना पडावेत. वसतिगृहाचा पहिला हप्ता तेव्हाच भरायचा असतो, आणि मुलीचं शिक्षण मोडतं ते त्याच महिन्यात. तिसरं, सत्कार नको. स्टेजवर बोलावून, हार घालून, फोटो काढून दिलेला चेक आणि तीन माणसांच्या देखत दिलेले पन्नास रुपये यांत मला फार अंतर दिसत नाही.

आमच्या घरी शेवटी काय झालं? वर्षभरानं पुन्हा बसलो. मी दादाला प्रेमचंद रायचंदांची गोष्ट सांगितली, उपाध्यांची सांगितली. तो ऐकत होता, पण हलला नाही. मग मावशीकडून कळलेली पन्नास रुपयांची गोष्ट सांगितली. ती त्याला माहीत नव्हती. बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘‘आईचं नाव लागलं पाहिजे. आणि पोरगी आपल्या भागातली पाहिजे, खेड्यातली.’’ मी म्हटलं, ‘‘जात?’’ तो म्हणाला, ‘‘ते तुझं तू बघ.’’

ते मी बघितलं. अर्जात जातीचा रकाना घातला नाही. वहिनीनं पूजेत स्वतःच्या पैशातून आईच्या नावानं एक छोटा सवाल धरला, तेही बरं झालं. पाटल्या मोडल्या, त्यात तिघांनी थोडी थोडी भर घातली आणि ठेव ठेवली.

पहिल्या वर्षी ती एका विडी कामगार बाईच्या मुलीला मिळाली. आमच्या समाजातली नाही. तिनं विद्यापीठामार्फत दोन ओळींचं पत्र पाठवलं, तसा नियम आहे म्हणून. पत्र दादाच्या पत्त्यावर गेलं. त्यानं फोन केला. मला वाटलं, आता काहीतरी ऐकवणार. त्यानं पत्र वाचून दाखवलं, थोडा थांबला आणि म्हणाला, ‘‘आक्का, तिथल्या वसतिगृहात पोरींना जेवण बरं देतात का गं?’’